आजची चूक

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

खताच्या दुकानदाराने फुकट दिलेली ही डायरी. प्रत्येक पानाच्या तळाशी झिंकची जाहिरात आहे, त्यामुळे जोशात काही लिहिलं की खाली 'कपाशीसाठी उत्तम' असं येतं. असू दे. यंदा चौदा एप्रिलच्या आसपास सात गावांतून भाषणाची आमंत्रणं आहेत. सात ठिकाणी तेच भाषण करणं हा श्रोत्यांचा अपमान आहे, असं मी मानते. सुचेल ते इथे टिपायचं, एवढाच हेतू.

कामाचंही थोडं येईल, कारण दिवसाचे आठ तास तिथेच जातात. दुसरबीडच्या आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत आम्ही चौघं. हर्षल सर प्रमुख, ऑक्टोबरात आले. सिंधूताई तपासणी करतात. शालिग्रामभाऊ शेतकऱ्यांनी आणलेले मातीचे नमुने वाळवतात, कुटतात, चाळतात. सत्तावीस वर्षं हेच काम. मी धम्मशीला, लिपिक. नोंदवही, पत्रव्यवहार आणि कार्यक्रम असला की माईक.

२६ जानेवारीच्या शेतकरी मेळाव्यात एक गंमत झाली होती. सर सांगत होते, यापुढे अहवाल दोन दिवसांत मिळेल. मागून शालिग्रामभाऊ उठले. म्हणाले, 'सर, वली माती चाळणीतून जात नाही. सावलीत वाळाले तीन-चार दिवस लागतेत. दोन दिवसांत तं पापड बी वाळत नाही.' दीडशे माणसं हसली. सर तर सगळ्यांत जास्त हसले. बाकीचे थांबल्यावरही ते हसतच होते. खिलाडू माणूस.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजपासून कार्यालयात एक उत्तम पद्धत सुरू झाली. सरांनी पांढरा फळा आणला. त्यावर रोज सकाळी दहाला 'आजची चूक' लिहायची, ती चूक करणाऱ्याचं नाव लिहायचं, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. लिहायचं, वाचायचं आणि नोंदीसाठी फळ्याचा रोज फोटो काढायचा, तेही मीच. 'ताई, तुमचं अक्षर आणि तुमचा आवाज, दोन्ही संस्थेची संपत्ती आहे,' असं सर म्हणाले.

पहिलं नाव त्यांनी स्वतःचं लिहायला लावलं. 'हर्षल. चूक : चहा सांडला.' मी ते वाचलं, टाळ्या झाल्या. जो माणूस स्वतःपासून सुरुवात करतो त्याच्यावर विश्वास ठेवावा. आपल्या समाजाचं काय अडलं असेल तर आत्मपरीक्षणावर. दुसऱ्याकडे बोट दाखवायला आपल्याला दहाही बोटं पुरत नाहीत. (हे भाषणात घेता येईल.)

११ फेब्रुवारी

फळ्यावर शालिग्रामभाऊ. चूक : चिठ्ठीवर गट नंबरऐवजी 'आंब्याखालचं वावर' असं लिहिलं. खूप हसलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सरांच्या सांगण्यावरून नोटीस काढली : 'कामाच्या टेबलावर कोणीही खासगी वस्तू ठेवू नये.' चार ओळींत बसवली. नोटीस लहान असावी, म्हणजे पळवाट उरत नाही.

डकवत होते तर शालिग्रामभाऊ मागे येऊन उभे. 'बाई, आपली ते काच बी का?'

मी म्हटलं, 'भाऊ, नियम सर्वांना सारखा. समता म्हणजे दुसरं काय असतं?'

'हाव,' म्हणाले आणि गेले. कसली काच ते मी विचारलं नाही. आरसा असेल. या वयात कुणाला काय हौस असेल सांगता येत नाही.

सरांच्या टेबलावर तांब्याची बाटली आणि मुलीचा फोटो आहे, हे संध्याकाळी लक्षात आलं. पण साहेबांच्या खोलीला नोटीस लागू नसावी.

२७ फेब्रुवारी

आता नमुन्यांवर हाताने चिठ्ठी लिहायची नाही. छापील लेबलं आली आहेत, चिंचोक्याएवढी, त्यावर मुंगीसारखे आकडे. दिसायला फार नीटनेटकी. पुन्हा शालिग्रामभाऊ फळ्यावर.

सिंधूताई बाटल्या धुता धुता म्हणाल्या, 'शीला, त्याचं नाव लिहू लिहू मार्कर संपला असंन तुहा.'

'मग त्यांनी चुका करू नयेत.'

'करू नये. सत्तावीस वर्षं नव्हता करत.' एवढं बोलून त्यांनी नळ मोठा सोडला.

मी मोजलं. चौदा दिवसांत दहा वेळा तेच नाव. माणसाला सुधारायचंच नसेल तर पद्धत तरी काय करणार?

५ मार्च, बुधवार

सरांनी शालिग्रामभाऊंना मेमो लिहायला सांगितला. हा तिसरा. आधीचे दोन साधे होते, याची इथे नोंदही केली नव्हती. 'मला कोरडं लिहिता येतं, ताई. धार तुमच्या लेखणीला आहे,' असं ते म्हणाले. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. अकरा वर्षं गावोगाव बोलते आहे, पण कार्यालयात माझ्या शब्दाची किंमत करणारा हा पहिलाच साहेब.

शेवटचं वाक्य मला स्वतःला आवडलं : 'आपली ही बेपर्वाई म्हणजे आपल्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याशी केलेली प्रतारणा आहे.'

शालिग्रामभाऊंनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, हातभर लांब धरला, पुन्हा जवळ आणला. वेळ काढत होते, दुसरं काय. मग माझ्याकडे दिला. 'बाई, तूच वाच. तुह्या आवाजात बरं लागते.'

मी वाचून दाखवला. पूर्ण. ते उभ्यानेच ऐकत होते. डोळ्यांत पाणी होतं, मातीची धूळ गेली असं म्हणाले.

'चांगलं लिवलं,' म्हणाले. घडी करून खिशात ठेवला.

८ मार्च

महिला दिनाचं भाषण लोणारला. विषय : बघ्यांचा गुन्हा. 'अन्याय करणारा एक असतो, त्याला उभं राहायला जागा देणारे शंभर असतात,' या वाक्याला टाळ्या थांबेनात. सरांनी ते चित्रण आमच्या कार्यालयाच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, 'आमची तोफ.'

१९ मार्च

नवी गंमत निघाली आहे. ज्याचं नाव फळ्यावर, त्याने दुपारचा चहा सगळ्यांना द्यायचा. अर्थातच शालिग्रामभाऊ ट्रे घेऊन आले. सर म्हणाले, 'भाऊ, साखरच आहे ना? की खतच चाळून टाकलं? तुमचा काही भरवसा नाही.' सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता.

सिंधूताईंनी चहा घेतला नाही, पित्त झालं म्हणाल्या. शालिग्रामभाऊ स्वतःचा कप घेऊन बाहेर पडवीत वाळवणाच्या गोण्यांपाशी जाऊन बसले. पूर्वी ते आत बसत, आणि कुणाच्या तरी बैलाची नक्कल करून दाखवत. ती केव्हापासून बंद झाली, आठवत नाही.

२३ मार्च, रविवार

आई (भिमाबाई, हे मी लिहून ठेवते, उद्या डायरी कुणाच्या हाती पडली तर तिचं नाव राहावं) अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी भाषणाला काही जुनं मिळतं का म्हणून तिला रोजगार हमीच्या कामाचं विचारलं. ती तलावाच्या कामावर माती खोदायला जात असे; खोदलेला चौकोनी खड्डा, म्हणजे चौकडी, मोजून मजुरी मिळे. ती सांगत गेली तसं लिहून घेतलं :

'मुकादम होता ना एक, तो कधीच वरडत नव्हता बरं. गोड बोले. बाया म्हणत, देवमाणूस हाय. वरडाले त्यानं केसरबाई ठेवली होती. तिचा आवाज लय मोठा, तुह्यासारखा. कोणाची चौकडी कमी भरली की मुकादम तिच्या कानात सांगे, अन् केसरबाई त्या बाईचं नाव घेऊन बोंब मारे. साऱ्या कामावर ऐकू जाये. ज्या बाईनं मजुरीचं विचारलं, बरोबर तिचंच नाव दुसऱ्या दिवशी निंघे.'

'मग तुम्ही मुकादमावर चिडत नव्हत्या?'

'मुकादमावर काऊन चिडू? त्याचा तं आवाजच नव्हता ऐकू येत. साऱ्याजणी केसरबाईलेच शिव्या देऊन राह्यलो.'

'आणि ती का करायची असं? तिला काय मिळायचं?'

आईने सूप आपटलं. 'तिले वाटे, मुकादम आपल्याले मानते. तिची चौकडी मोजताना मात्र टेप तोच होता बाप्पा, आमच्यावालाच.'

उत्तम दृष्टान्त आहे. दुसऱ्या गावच्या भाषणात घेते.

२८ मार्च, शुक्रवार

मोठा घोळ झाला. पुंजाजी नावाचे एक शेतकरी अहवाल घेऊन आले. त्यांचं वावर चुनखडीचं, पाय ठेवला तरी पांढरं लागतं, आणि अहवालात चुनखडी जवळपास नाहीच. शालिग्रामभाऊंकडून दोन पिशव्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली होती. नंबर सारखेच, फक्त शेवटचा आकडा एकावर सहा, एकावर आठ.

सर शांत होते. ते कधीच आवाज चढवत नाहीत. 'संस्थेच्या सचिव रुक्मिणीबाई गुरुवारी येतील. शालिग्रामभाऊंना कमी करण्याचा प्रस्ताव ठेवायचा आहे. फळ्याचे रोजचे फोटो तुमच्याकडे आहेत, ताई. तुम्हीच सगळं मांडा. तुमच्याइतकं कुणाला पटवून देता येत नाही.'

भाऊंना निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत. मुलगा नाही. घरी बायको अंथरुणाला खिळलेली. वाईट वाटतं. पण शेतकऱ्याच्या हातात चुकीचा अहवाल जाणं हीही लहान गोष्ट नाही. मन घट्ट करायला हवं.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी भाषणाचा सराव करत होते. मागच्या खोलीत, दार लावून, जसं नेहमी करते. केसरबाईपर्यंत आले. 'तिचा आवाज मोठा होता,' असं म्हणाले आणि माझा आवाज माझ्याच कानांवर आदळला. पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते आलं नाही.

मग मोबाइलमधले फळ्याचे फोटो उघडून पाहिले आणि ही डायरी पहिल्या पानापासून वाचली.

२६ जानेवारीला शालिग्रामभाऊंनी दीडशे माणसांपुढे सरांना खरं सांगितलं. पंधरा दिवसांत फळा आला. सरांचं नाव फळ्यावर एकदा, चहाच्या निमित्ताने. माझं नाव एकदाही नाही, आणि मी काही चुकत नाही असं नाही. सिंधूताईंचं तीनदा. शालिग्रामभाऊंचं सव्वीस वेळा. लिहिणारी मी, वाचणारी मी, मेमो माझे, नोटीस माझी. सरांचा या सगळ्यात आवाजच नाही.

कसली काच होती ती?

अन्याय म्हणजे काय हे मी अकरा वर्षं माईकवरून सांगते. माझ्या डोक्यात तो नेहमी दांडगा, दरडावणारा, शिवी देणारा असा असायचा. तो 'ताई' म्हणतो, अक्षराचं कौतुक करतो आणि हातात मार्कर देतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, असं लिहिणार होते. पण आईने मागच्या रविवारी शिकवलं होतं. मी त्याची टाचणं काढली.

पुरणपोळी केली होती. गेली नाही.

३१ मार्च, सोमवार

ईदची सुट्टी. शालिग्रामभाऊंच्या घरी गेले. ते बायकोला पेज भरवत होते. ते संपेपर्यंत मी ओट्यावर बसले.

विचारलं, 'भाऊ, काच कसली होती?'

'भिंग. जाड आकडे दिसतेत मले, बारीक नाही. मोतीबिंदू पिकून राह्यला. सरायले माहीत हाय, मीच सांगितलं होतं. तू नोटीस लावली अन् त्याच दिवशी त्यायनं उचलली. त्यायच्या खणात हाय.'

'आणि लेबलं त्यानंतर आली.'

'हाव.'

'मला का नाही सांगितलं?'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आंधळं वासरू कुंपणाला धडकावं आणि माणसाने बघावं, तसं. 'तुले तं विचारलं होतं, बाई. तू म्हणली, नियम सर्वायले सारखा.'

मी माफी मागायला लागले. त्यांनी वाटी खाली ठेवली. 'माफीचं राहू दे. माफी का पळून चालली? गुरुवारी का बोलशीन, ते सांग.'

काय सांगितलं ते लिहीत नाही. नुसतं सांगितलेलं लिहायची मला आता लाज वाटते.

१ एप्रिल

सकाळी सरांना भेटून सांगितलं की गुरुवारी मी प्रस्ताव मांडणार नाही. भिंग परत द्या, असंही सांगितलं.

ते हसले. 'ताई, तुम्ही भावनाप्रधान आहात, म्हणून तर भाषणं चांगली होतात. पण तिन्ही मेमो तुमच्या अक्षरात आहेत. सही माझी असली तरी शब्द तुमचे. उद्या कुणी म्हणालं की या बाई जयंतीला एक बोलतात आणि कार्यालयात एक, तर मला वाईट वाटेल.' आणि माझ्यासाठी चहा मागवला.

तो कप तसाच ठेवून मी बाहेर आले. म्हणजे हे असं वाटतं. दीड महिना शालिग्रामभाऊंना रोज दहा वाजता हे असं वाटत होतं.

दुपारी सिंधूताईंना निवेदनावर सही मागितली. तारीखवार लिहिलं आहे : कोणत्या दिवशी काय, समोर कोण, नियम तोंडी की लेखी. विशेषणं सगळी काढली. माझ्या आयुष्यातलं सर्वांत नीरस लिखाण, दीड पान.

त्यांनी दोनदा वाचलं. 'सगळं खरं हाय. पण मी सही नाही करत, शीला. मले दोन पोरी हायेत. तू भाषणं करतं, तुले लोकं वळखतेत. मले कोण वळखते?'

मी आग्रह केला नाही. सही कुणी न मागताही मी दीड महिना फळ्यावर सरांच्या मनासारखंच लिहीत होते.

३ एप्रिल, गुरुवार

रुक्मिणीबाई दहाला पाच कमी असताना आल्या. सत्तरीच्या, कडक, हातात कापडी पिशवी. सरांनी त्यांना फळ्यासमोर बसवलं. 'आधी आमची पद्धत बघा, मॅडम. पारदर्शकता म्हणतात ती ही. ताई, आजचं नाव.'

शालिग्रामभाऊ भिंतीशी उभे होते. टोपी हातात.

मी मार्कर घेतला आणि लिहिलं : 'धम्मशीला.'

मग वाचायला सुरुवात केली. आवाज उचलला नाही. '१८ फेब्रुवारी. चूक : मी नोटीस लिहिली, आणि ती कुणाला लागेल ते पाहिलं नाही. त्या नोटिशीमुळे ज्यांना कमी दिसतं त्यांचं भिंग काढून घेतलं गेलं. २७ फेब्रुवारी. चूक : बारीक लेबलं आली तेव्हा मी ती नीटनेटकी म्हणून वाखाणली. ५ मार्च. चूक : ज्याला अक्षर दिसत नव्हतं त्याला मी बेपर्वा म्हणून मेमो लिहिला, आणि तो त्यालाच वाचून दाखवला. १९ मार्च. चूक : हसले.'

'ताई, भाषण नंतर,' सर गोड आवाजात म्हणाले.

'वाचू द्या त्यांना,' रुक्मिणीबाई म्हणाल्या. 'नमुना तुम्हीच दाखवताय ना?'

मी पुढे वाचलं. सगळ्या तारखा. २६ जानेवारीही. वाचून झाल्यावर नियमाप्रमाणे टाळ्या असतात. कुणी वाजवल्या नाहीत. बाहेर एसटी थांबून गेली, तिचा कंडक्टर 'मेहकर, मेहकर' ओरडत होता, तो स्पष्ट ऐकू आला.

रुक्मिणीबाईंनी विचारलं, 'हे भिंग आहे कुठे?'

सर म्हणाले, 'असल्या वस्तू कुठे तरी...'

'डाव्या खणात,' सिंधूताई म्हणाल्या. बाटलीवरून मान वर न करता. 'सरायच्या. खालच्या.'

९ एप्रिल

प्रस्ताव बारगळला आहे. रुक्मिणीबाईंनी माझं दीड पान नेलं, खाली सिंधूताईंची सही आहे, त्यांनी ती स्वतःहून केली. चौकशी होणार आहे, पण ती सरांची. माझ्या तिन्ही मेमोंचीही होणार, आणि ते योग्य आहे. लेबलं बोटभर मोठी आली. नियम यापुढे लेखी.

सर रजेवर नाहीत. ते येतात, मला 'ताई' म्हणतात, आणि ग्रुपवर माझ्याशिवाय सगळ्यांना उत्तर देतात. माझं टेबल पडवीत हलवलं आहे, 'हवा चांगली म्हणून'. तारीख टाकून नोंद ठेवली. हवा मात्र खरंच चांगली आहे. शेजारी मातीच्या गोण्या वाळत असतात.

१५ एप्रिल

काल तीन गावं झाली. केसरबाईची गोष्ट सांगितली. पुढे माझीही सांगितली, फळ्यासकट. टाळ्या नेहमीपेक्षा कमी पडल्या. एका गावात कार्यक्रम संपल्यावर अंगणवाडीतली एक मदतनीस थांबून राहिली होती. ती माझ्या पिशवीकडे बघत म्हणाली, 'ते तारखा लिवाची वही कशी असते, मले दाखवता का?' मी दाखवली. झिंकच्या जाहिरातीसकट.

१७ एप्रिल, गुरुवार

दुपारी शालिग्रामभाऊ माझ्या टेबलापाशी आले. खिशातून मेमो काढला, तिसरा. घडीवर फाटत आला आहे. गोणीवर बसले, भिंग धरलं आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले. मोठ्याने, एकेक शब्द जोडत. मी थांबवलं नाही. पाऊण तास लागला असेल. शेवटच्या वाक्याशी अडले.

'प्र-ता-र-णा. हे का असते?'

'फसवणूक,' मी म्हटलं. 'जो आपल्यावर भरवसा ठेवतो त्याची.'

त्यांनी ते वाक्य परत एकदा भिंगातून पाहिलं. गोणीतली माती चिमटीत घेऊन बघतात तसं, वेळ लावून.

'शब्द बरोबर हाय, बाई,' ते म्हणाले. 'माती बरोबर हाय. लेबल तेवढं चुकलं.'

कुणाच्या नावाचं लावायला हवं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. ते उठले, चाळणी घेतली, आणि पुंजाजींचा नमुना पुन्हा चाळायला बसले. चार दिवस सावलीत वाळलेला.